सगळ्याला बारानं गुणलं

११ जानेवारी, शनिवार, सकाळी सव्वाअकरा. रक्कम साडेतीन हजार रुपये, पाचशेच्या सात नोटा. हजर माणसं पाच: मी, माझी बायको, आमची मुलगी, बायकोचा धाकटा भाऊ आणि टेबलापलीकडचा निळ्या शर्टातला माणूस. जागा नाशिकमधल्या शालिमारजवळच्या एका इमारतीतला तिसरा मजला, नोकऱ्या लावून देणाऱ्यांचं ऑफिस. पैसे माझ्या मेहुण्याने दिले. मी द्यायला तयार नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

मुलगी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. सहावं सेमिस्टर नुकतंच सुरू झालं होतं. निळ्या शर्टाचं म्हणणं असं की आत्ता नाव नोंदवलं तर परीक्षा संपायच्या आत फायनान्समधल्या नोकरीचं पत्र हातात. आत्ता साडेतीन हजार, पत्र आल्यावर आणखी दहा.

"पावती?" मी विचारलं.

"काका, पावती व्हॉट्सॅपवर येते आता."

"पावतीवर काय लिहिणार?"

"रजिस्ट्रेशन."

"आणि नोकरी नाही लागली तर?"

"काका, सुरुवातीलाच निगेटिव्ह कशाला बोलता?"

मेहुणा माझ्याकडे वळला. "दाजी, डाक्टरकडं गेल्यावर बी इचारता का, मी बरा नाय झालो तर पैसे परत देशील का म्हणून?"

"विचारतात ते," बायको म्हणाली. "मागच्या वर्षी दाताच्या डॉक्टरला विचारलं."

खरं आहे, विचारलं होतं. मेहुणा हसला आणि शर्टाच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या. तो येवल्याला पैठणीच्या मागावर बसतो. माग स्वतःचा आहे, पण रेशीम आणि जरीची तार व्यापाऱ्याची, म्हणजे मजुरीच मिळते. सात नोटा म्हणजे त्याची आठ-नऊ दिवसांची मजुरी. संक्रांत तीन दिवसांवर आली होती आणि संक्रांतीला येवल्याचा माणूस गच्चीवर पतंग उडवायला नसला तर त्याच्या घरी कुणी आजारी आहे का म्हणून शेजारी विचारायला येतात. तरी तो एक दिवस मोडून आला होता, भाचीसाठी. नोटा टेबलावर ठेवून त्याने त्या माणसाला सांगितलं, "साहेब, आमची भाची हाय. नीट जागी लावा."

पावती दोन दिवसांनी व्हॉट्सॅपवर आली. तिच्यावर नाव मुलीचं होतं. पैसे देणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं.

मी अंबडला एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. इलेक्ट्रिक पॅनलचे सुटे भाग माझ्या ताब्यात असतात. प्रत्येक कप्प्याला एक कार्ड टांगलेलं असतं, त्याला बिन कार्ड म्हणतात. माल आला की लिहायचं, गेला की लिहायचं, शिल्लक लिहायची. कार्डावर १४६ स्क्रू असतील तर कप्प्यात १४६ असायला हवेत. १४४ निघाले तर खाडाखोड करायची नाही, लाल शाईने फरक लिहायचा आणि सही करायची. तेवीस वर्षं हेच काम केल्यावर माणसाला न मोजलेल्या गोष्टीवर पैसे देणं जड जातं. मला ते जड गेलं, एवढंच.

दुसरं कारणही होतं. आमच्याकडे खोके पुरवणारा एक ठेकेदार आहे. गेटच्या बाहेरच त्याचं ऑफिस. त्याला बिलं बनवायला मुलगी हवी होती. बारा हजार रोख, पीएफ नाही, सुट्टी रविवारी. मी शब्द टाकला आणि तो म्हणाला, "साहेब, तुमची मुलगी म्हणजे घरचीच. मी जून उजाडेपर्यंत खुर्ची रिकामी ठेवतो." त्यामुळे माझ्या लेखी मुलीची सोय झालेली होती.

मुलीच्या लेखी नव्हती. तिने एकदाच सांगितलं, आवाज न चढवता. "पप्पा, मला तुमच्या गेटपाशी नाही बसायचं. तिथे मी कायम तुमची मुलगी म्हणून बसणार. मला फायनान्समध्ये जायचंय. एक जूनपर्यंत मला काही नाही मिळालं तर सोमवारी ठेकेदाराकडे जाईन, कुरकुर करणार नाही. पण तोपर्यंत शोधू द्या."

एक जून रविवार होता. दोन जून, सोमवार, ही तारीख मी किचनमधल्या कॅलेंडरवर गोल करून ठेवली. तिच्या दृष्टीने तो गोल काय होता, हे मला तेव्हा नीट कळलं होतं असं म्हणत नाही.

फायनान्स हा शब्द आमच्या घरात चांगल्या अर्थाने कधी आलेला नव्हता. सहा-सात वर्षांपूर्वी मेहुण्याने हप्त्यावर मोटरसायकल घेतली. चार हप्ते थकले आणि एका सकाळी दोन माणसं येऊन ती घेऊन गेली. तेव्हापासून त्याच्या बोलण्यात "फायनान्सवाले" म्हणजे गाडी ओढून नेणारे. मुलीने पहिल्यांदा त्याला फोनवर सांगितलं की मी फायनान्समध्ये नोकरी शोधणार आहे, तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे तू आता गाड्या ओढनार व्हय?"

"नाही मामा. कर्ज द्यायचं की नाही, ते आधी बघणारे असतात ना, ते."

"तसले असतात का? आपल्याकडं तर कोनी आलंच नव्हतं बघायला."

"म्हणूनच म्हणते."

ते खरं होतं. त्याच्या कर्जाचे कागद तिने नववीत असताना वाचले होते. त्याचं महिन्याचं उत्पन्न शोरूमच्या एजंटने जवळजवळ दुप्पट लिहिलं होतं आणि खर्चाचा रकाना कोरा होता. मेहुण्याने सही केली, कारण कुणीतरी आपलं उत्पन्न एवढं मोठं लिहिलं हे त्याला आवडलं होतं. तो स्वतःच हे सांगतो आणि हसतो. "पर बरं हाय," तो त्या दिवशी फोनवर म्हणाला, "ओढनाऱ्यांच्या बाजूला आपलं एक मानूस असलेलं बरं." आणि पुढच्याच आठवड्यात साडेतीन हजार घेऊन आला.

निळ्या शर्टाने जानेवारी ते एप्रिल या काळात दोन जागा सुचवल्या. पहिली फोनवरून वसुलीची. रोज दीडशे फोन करायचे, हप्ते थकवलेल्यांना. दुसरी विम्याची. त्यांनी मुलीला पहिल्या दिवशी एक कोरा कागद दिला आणि ओळखीच्या पन्नास माणसांची नावं, नंबर लिहायला सांगितले. तिने तीन नावं लिहिली, माझं, आईचं आणि मामाचं, आणि कागद परत देऊन घरी आली. एप्रिलनंतर त्या ऑफिसचा फोन उचलला जाईना. मी एकदा कामावरून सुटल्यावर जाऊन आलो. तिसऱ्या मजल्यावर आता पिशव्यांवर छपाई करणारे होते.

घरी येऊन मी सांगितलं, "साडेतीन हजार बुडाले."

"कुणाचे?" बायको पोळ्या लाटत होती. तिने वर पाहिलं नाही.

"म्हणजे?"

"नाही, विचारते. तुम्ही नाही म्हणालात म्हणून माझ्या भावाने दिले. नोकरी लागली असती तर मुलगी तुमची. बुडाले तर पैसे त्याचे. असंच ना?"

मी म्हणालो की मी आधीच नको म्हणालो होतो. ती म्हणाली, हो, ते ऐकलं होतं. आणि पोळी तव्यावर टाकली.

त्यानंतर शोध आम्ही घरातच सुरू केला. परीक्षा चालू असतानाच ती रोज एक-दोन अर्ज भरायची. मी वही केली. कंपनी, तारीख, जागा, उत्तर. मेच्या मध्यापर्यंत अर्ज तेहतीस, उत्तरं चार, चारही नकार. तेहतिसातल्या अकरा जागा नव्या मुलांसाठी असं लिहून खाली दोन वर्षांचा अनुभव मागत होत्या. मी तिला म्हणालो, हे म्हणजे रिकामा कप्पा दाखवायचा आणि त्यातून माल मागायचा. ती म्हणाली, पप्पा, स्टोअर सोडा.

चौतिसावा अर्ज घरासाठी कर्ज देणाऱ्या एका कंपनीचा. नाशिकच्या शाखेत शिकाऊ जागा, कर्ज मागणाऱ्यांचे कागद तपासायचे. तिला हवी होती तीच. पाय दुमडून ती खुर्चीत बसली होती आणि मोठ्याने वाचत एकेक रकाना भरत होती. एका ठिकाणी थांबली. अपेक्षित वार्षिक पगार.

"इथे तू काय लिहितेस?" मी विचारलं.

"निगोशिएबल."

"म्हणजे?"

"म्हणजे बोलून ठरवू."

"तेहतीस ठिकाणी हेच लिहिलंस?"

"सगळे हेच लिहितात. किंवा साडेतीन लाख लिहितात. माझ्या वर्गातल्या मुली साडेतीन लिहितात."

"साडेतीन लाख त्यांना कशाला लागतात?"

"लागतात म्हणून नाही हो लिहीत, पप्पा."

मला ते पटलं नाही. आपण भाजी घ्यायला गेलो तर भाव भाजीवालीने सांगायचा असतो. इथे ही विकायला बसली आहे, समोरचा भाव विचारतो आहे आणि ही म्हणते, बोलून ठरवू. मी म्हणालो, विचारलंय तर आकडा लिहायचा, आणि आकडा लिहायचा तर तो कुठून आला ते आपल्याला सांगता आलं पाहिजे. स्टोअरमधली जुनी बिन कार्डं मी कच्च्या कामासाठी घरी आणतो, मागची बाजू कोरी असते. त्यावर आम्ही मांडलं.

बस रोज चाळीस, महिन्याचे सव्वीस दिवस. चहा आणि मधल्या वेळचं रोज वीस. दवाखाना पाचशे. घरात पाच हजार. हे तिनेच सांगितलं आणि मी विरोध केला नाही. बचत पाच हजार. पीएफ तिचा आणि कंपनीचा मिळून छत्तीसशे, कारण त्यांचा आकडा तो धरून असतो, हे मी कारखान्यातल्या अकाउंट्सवाल्याला विचारून आलो होतो. हे सगळं गुणिले बारा. कपडे आणि चपला वर्षाचे नऊ हजार. पुढे बाहेरून एम.कॉम. करायचं त्याची फी साडेआठ हजार.

मोबाइलपाशी मी थांबलो. रिचार्ज दोनशे नव्व्याण्णवचा आणि अठ्ठावीस दिवसांचा. लोक याला महिना समजतात आणि बाराने गुणतात. वर्षात रिचार्ज तेरा होतात. तेरा अठ्ठावीसे तीनशे चौसष्ट. एक दिवस तरीही उरतो. मी तिला हे समजावून सांगितलं आणि ३,८८७ लिहिले. मला या तेराचा थोडा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

"मामाचे पण घाला," ती म्हणाली.

"कसले?"

"साडेतीन हजार. दर महिन्याला पाचशे देईन."

मी लिहिलं, मामा ५००, आणि बाराने गुणलं. ६,०००. बेरीज दोन लाख पंधरा हजार तीनशे सात. तिने रकान्यात तेवढंच लिहिलं, शेवटच्या सातासकट. मग एकदा माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, "हसतील," आणि पाठवून दिलं.

चार दिवसांनी फोन आला. मुलाखत २० मे, मंगळवार, सकाळी साडेअकरा.

मी अर्धी रजा टाकली. तिच्या फाइलमध्ये गुणपत्रकांच्या मागे ते बिन कार्डही ठेवलं. ती म्हणाली हे कशाला, मी म्हणालो राहू दे. ती वर गेली आणि मी खाली पार्किंगमध्ये स्कूटरवर बसलो. तिथे माझ्यासारखे आणखी तीन वडील होते. एकाने मला विचारलं, "काय चाललंय सध्या पॅकेज?" मी म्हणालो, "दोन लाख पंधरा हजार तीनशे सात." त्याने पुढे काही विचारलं नाही.

सव्वाबाराला ती खाली आली. चेहऱ्यावरून काही कळेना. स्कूटर सुरू केल्यावर मागून तिने बोलायला सुरुवात केली आणि सिडकोत पोचेपर्यंत थांबली नाही. आत एक मॅडम होत्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. पहिले दोन प्रश्न नेहमीचे. मग त्यांनी तिचा अर्ज पुढे ओढला.

"हा आकडा कुणी काढला?"

"मी आणि वडिलांनी."

"कसा?"

मग हिने कार्ड काढून दिलं. मॅडमनी चष्मा खाली घेतला आणि वाचायला लागल्या. रिचार्ज तेरा का, म्हणून विचारलं. हिने सांगितलं. त्या हसल्या नाहीत, स्वतःचा फोन उचलून काहीतरी पाहिलं आणि खाली ठेवला.

"मामा पाचशे. हे काय आहे?"

हिने शालिमारचं सगळं सांगितलं. मामाने साडेतीन हजार भरले, ते दर महिन्याला पाचशेप्रमाणे फेडायचे. आणि हे बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं.

"मॅडम, इथे चूक आहे. हे सातच महिने द्यायचेत. इथे बारा महिन्यांचे धरलेत. अडीच हजार जास्त मागितलेत मी."

"कुणाची चूक?"

"वडिलांनी सगळ्याला बारानं गुणलं. मी पण बघितलं नाही."

"मोबाइलला नाही गुणलं."

"हो. तिथे ते फार लक्ष देऊन होते."

मॅडम तेव्हा हसल्या म्हणे. मग त्यांनी कार्ड आणि टेबलावरचं एक पेन तिच्याकडे सरकवलं. हिने सहा हजारांवर आडवी रेघ मारली, ३,५०० लिहिले, खाली नवी बेरीज लिहिली, २,१२,८०७, आणि शेजारी सही केली. सही कर असं कुणी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर कार्ड मी पाहिलं. पेन लाल होतं.

"शेवटी काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, आमच्याकडे कर्ज मागायला येणारा प्रत्येक माणूस खर्च कमी दाखवतो. मग वडील काय करतात विचारलं. सांगितलं. बास. म्हणाल्या, कळवू."

"चूक आपण होऊन सांगायची गरज होती का?" हा प्रश्न बायकोने विचारला, मी नाही. पण मी उत्तर ऐकायला थांबलो होतो.

"मम्मी, तिथे बसून लोकांच्या चुका काढायची नोकरी आहे ती."

त्यानंतर दहा दिवस काही आलं नाही. २८ मे रोजी ठेकेदार गेटवर भेटला आणि म्हणाला, "साहेब, सोमवारी किती वाजता येईल ताई? मी कॉम्प्युटर नवीन टेबलावर घेतलाय." मी नऊ म्हणालो. घरी येऊन तिला सांगितलं. तिने मान हलवली, उठून आत गेली, आणि आपले दोन ड्रेस इस्त्री करून बाहेर दोरीवर टांगले. कुरकुर करणार नाही म्हणाली होती, ती केली नाही. त्या रात्री जेवताना आमच्यातलं कुणी कॅलेंडरकडे पाहिलं नाही. ते समोरच आहे, त्यामुळे पाहायचं नाही म्हटलं तर मान वाकडी करावी लागते.

३० मे, शुक्रवारी दुपारी मी स्टोअरमध्ये असताना तिचा फोन आला. "पप्पा, मेल आलाय. घेतलं." एवढंच बोलली. मी विचारलं, "किती?" मला दुसरं काही सुचलं नाही.

दोन लाख चार हजार. शिकाऊ उमेदवारांचा त्यांचा आकडा ठरलेला होता, सगळ्यांना सारखा. आमचं दोन लाख पंधरा हजार तीनशे सात त्यांनी विचारातच घेतलं नसणार. तिला का घेतलं, ते मेलमध्ये लिहिलेलं नव्हतं आणि तिने पुढेही कधी विचारलं नाही. ठेकेदाराला मी त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "चांगलं झालं की. पण साहेब, टेबल घेतलं ना मी." टेबलाचं मी काही करू शकत नव्हतो.

रात्री बिन कार्ड पुन्हा काढलं. मिळणार ते, आणि दुरुस्त करून मागितलं होतं ते, यात वर्षाला आठ हजार आठशे सात रुपयांचा फरक होता. हातात महिन्याला तेरा हजार चारशे. मी म्हणालो, घरातले पाच हजार चार कर. ती नाही म्हणाली. मामाचे थोडे पुढे ढकल. ती परत नाही म्हणाली. बचतीवर बोट ठेवून म्हणाली, "इथून कापा." बचत कापायची वेळ आली की मला नेहमीच वाईट वाटतं, पण पगार तिचा होता. मी कापली.

ती १६ जूनला कामावर रुजू झाली. पहिल्या आठवड्यात एका घरी पडताळणीला गेली आणि येऊन सांगितलं, त्या माणसाने शाळेची फी दाखवलीच नव्हती, दारात तीन दप्तरं होती. एवढं सांगून ती जेवायला बसली.

हप्ते सात महिने लावायचे ठरलं होतं, पण जून-जुलैचा मिळून जो पगार आला त्यातून तिने सगळे साडेतीन हजार एकदम बाजूला काढले. बचतीला त्या दोन महिन्यांत काहीच गेलं नाही. राखीपौर्णिमेला शनिवार होता आणि तिला सुट्टी होती. आम्ही तिघं सकाळच्या एसटीने येवल्याला गेलो. बायकोने भावाला राखी बांधली, ओवाळलं. मग मुलगी उठली आणि पांढरा लिफाफा मामाच्या पुढे धरला.

मेहुण्याने दोन्ही हात मागे घेतले. पाठीमागे नेऊन एकात एक अडकवून बसला.

"भाचीचं घेत नसतात, बाई."

"मामा, हे तुमचेच आहेत. तुम्ही भरले होते."

"आसू दे की. मामानं द्यायचं असतं. भाचीकडून घेतलं तर मला वर काय तोंड दाखवता येनार हाय का? आक्का, सांग की हिला."

बायको म्हणाली, "खरंय ते. नाही घेत." आणि मग माझ्याकडे पाहिलं. पोळी लाटताना वर न पाहता बोलली होती, ते सगळं आता पाहून बोलली.

मुलगी लिफाफा घेऊन उभीच होती. "मग हे बुडालेच म्हणायचे? तुमचे नऊ दिवस?"

"बुडाले कसे? तू लागली ना."

"मी त्यांच्यामुळे नाही लागले, मामा."

"मंग कुनामुळं?"

मेहुणा हात पाठीमागेच ठेवून माझ्याकडे वळला. "दाजींनी दिले तर घेईन मी. दाजींचं घ्यायला काय? तेवीस वर्षांत एक रुपाया सुटला नाय त्यांच्याकडून. घ्यायलाच पायजे." सगळे हसले. मीही हसलो, पण तो थट्टेत बोलत नव्हता, आणि थट्टेत बोलत असता तरी हिशेब तोच होता. मुलीला नोकरी शोधायला जो खर्च आला तो बापाच्या घरातला खर्च होता. तो मूर्खपणाचा होता की शहाणपणाचा, हा वेगळा मुद्दा. जानेवारीत मी नको म्हणालो, पण उठून तिला घेऊन बाहेरही आलो नाही. बसून राहिलो आणि दुसऱ्याला भरू दिलं. कार्डावर फरक दिसत असताना सही न करता पुढे जावं, तसं झालं ते.

पाकिटात तेराशे रुपये होते. चपला घालून चौकातल्या एटीएमवर गेलो. तिथे रांग होती, सणाची. परत आलो तेव्हा जेवणाची पानं मांडली होती. मुलीने लिफाफा माझ्यापुढे केला, "मग हे तुम्ही घ्या." मी म्हणालो, "नको. बचतीत टाक. तिथून कापले होते."

मेहुण्याने हात पुढे केले. पाचशेच्या सात नोटा मी त्याच्या हातावर मोजून ठेवल्या. त्याने त्या पुन्हा मोजल्या, ते मला बरं वाटलं. मग त्यातली एक बहिणीच्या ताटात ओवाळणी म्हणून ठेवली, एक भाचीच्या हातात कोंबली, आणि पाच खिशात घातल्या.

दिले, साडेतीन हजार रुपये. कुणाला, मेहुण्याला. हजर माणसं चार. पावती मी मागितली नाही.